शेंदूर न चालणारा देव

शेवटच्या दिवशी आम्ही दोघं दगडांना चुना मारत होतो. शेवटचा दिवस आहे असं आधी कळलं असतं तर मी दुसरं काही काढलं असतं, निदान घरी बसून कांद्याची भजी करायला लावली असती आणि तिच्यासंगं खाल्ली असती. पण तसं कुणी कळवत नसतं. मी पुढं, हातात शिंदीचा ठेचलेला कुंचा. ती मागं, हातात चुन्याची बादली. दगड आला की मी वाकायचं आणि तिनं उभं राहून बोलायचं, अशी कामाची वाटणी होती.

"आवं, खालचा कोपरा ऱ्हायला."

तिला तोवर डोळ्यांनी फार काही दिसत नव्हतं. मी म्हणालो, तुला कोपरा कसा दिसला? ती म्हणाली, "दिसायला कशाला पायजे? तुमी आजवर कवा कोपरा केलाय?" मी वाकून बघितलं. कोपरा राहिला होता.

ऊन चढेपर्यंत झिऱ्याच्या वरचे दगड झाले, खालचे राहिले. ती म्हणाली, "ऱ्हायलेले उद्या करू. बादलीवर ओलं पोतं टाका, न्हाईतर चुना वाळंल." मी पोतं टाकलं. घरी आलो, भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली. चटणीत मीठ जास्त झालं म्हणून मी बोललो, तर ती म्हणाली, पाणी जास्त प्या.

आता दोन म्हातारी माणसं खोऱ्यात जाऊन दगडं कामून रंगवत होती, ते सांगतो.

आमचं गाव कमलनगरच्या अंगाला, माळावर. माळ चालत चालत जातो आणि एकाएकी तुटतो. कडेला लाल खडक, आणि खाली खोरं. खोऱ्याच्या पलीकडच्या उतारावर तिचं माहेर. आमच्या कडेवर उभं राहून जोरात शिवी दिली तर तिच्या माहेरी ऐकू जाते. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी देऊन बघितली आहे. तिकडून उत्तर आलं.

आमचं लग्न झालं ते आमचा मुलूख मैसूर राज्यात गेला त्या सुमाराला. कचेरीतली भाषा बदलली म्हणून लोक फार हळहळले. मला फरक पडला नाही, कारण आधीच्या भाषेतला कागदही मला वाचता येत नव्हता. शाळा म्हणाल तर उर्दूच्या दोन यत्ता. मराठी अक्षरं मागाहून बाजारात दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो, म्हणून माझं लिहिणं पाटीसारखं आहे. जे आहे ते सांगतो, आत माल नसला तर नसतो.

खोऱ्यात उतरायला दोन वाटा. एक बैलवाट, रुंद, वळसे घेत जाणारी. दुसरी शेळवाट. ती सीताफळीच्या जाळीतून, खडकातून पाझरणाऱ्या झिऱ्याच्या अंगावरून सरळ खाली पडते. मी बैलवाटेचा माणूस, ती शेळवाटेची बाई. लग्न झालं तरी यात बदल झाला नाही. कडेपर्यंत आम्ही बरोबर जायचो, तिथं भांडायचो आणि आपापल्या वाटेनं उतरायचो. मी खाली पोचायचो तेव्हा ती ओढ्याकाठी सीताफळाच्या बिया थुंकत बसलेली असायची. "तुमी वळसा मारून येस्तोवर माजं एक बाळंतपण झालं असतं," म्हणायची. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, हे ऐकायला मुद्दाम ओढ्यावर येऊन थांबायचा.

बरं, ती वाटेनं पळत जायची म्हणावं तर तसंही नाही. तिला थांबायची खोड होती. सीताफळाचा डोळा उघडलाय का बघ, सायाळीचा काटा उचल, झिऱ्याखाली ओंजळ धर, मोर ओरडला की त्याला ओरडून उत्तर दे. एवढं करून ती माझ्या आधी पोचायची, यावरून माझी वाट किती गाढवपणाची होती ते कळतं. पण मी सोडली नाही. माझ्या बापानं त्या वाटेवरून बैल हाकले होते. बैल आमच्याकडं नंतर राहिले नाहीत, वाट राहिली.

एकदा शहरातली कॉलेजची मुलं-मुली पाठीला बोचकी बांधून गावात आली. कुठं निघालाव म्हणून विचारलं तर म्हणाली, कुठंच नाही, खोऱ्यात चालायला आलोय. मी म्हणालो, काही हरवलंय का? म्हणाली, नाही, निसर्ग बघायचाय. मला सीताफळापुरताच निसर्ग माहीत होता. बायको मात्र घरातलं पीठ तसंच परातीत टाकून त्यांच्या पुढं निघाली, शेळवाटेनं. दिवस मावळायला परत आली ती मुलींच्या गळ्यात गळा घालून. रात्रीच्या भाकऱ्या मी थापल्या. त्या खाताना ती मुलं निसर्गाचं नाव काढायची बंद झाली.

पुढं सडक झाली. खोऱ्याला लांबून वळसा घालून बस तिच्या माहेराला जायला लागली आणि गावानं वाटा सोडल्या. शेरडं आणि आम्ही, एवढेच राहिलो. तिला बस लागायची. एकदा बळंच नेली, तर तिनं एका पाव्हण्याच्या नव्या धोतरावर ओकून ठेवलं. मग पुन्हा पायीच.

मग तिचे डोळे गेले. एकदम नाही. कडेकडेनं अंधार येत गेला. बीदरला डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, गेलेली नजर येत नाही, राहिली तेवढी थेंब टाकून सांभाळा. तिनं त्याला कानडीत विचारलं की झिऱ्यावरची वाट दिसेल का. तो बिचारा परजिल्ह्यातला, त्याला झिरा कुठला ठाऊक, त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, साहेब, हो म्हणा. तो काही हो म्हणाला नाही.

बाहेर येऊन ती दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाकी काई दिसलं न्हाई तरी चालंल. माहेरला म्या माज्या पायानं जाणार. कुणी वडून नेलेलं चालायचं न्हाई." बस्स. तेवढंच तिला पाहिजे होतं. आणि ते देणं माझ्या अंगावर आलं.

हात धरून न्यावं, तर आमच्या वयाची नवरा-बायको हात धरून चालताना गावानं कधी बघितली नव्हती. सगळी पोरं मागं लागली असती. मी युक्ती केली. काठीचं एक टोक मी धरलं, दुसरं तिला दिलं. पहिल्यांदाच आयुष्यात तिच्या वाटेनं उतरलो. ओढ्यावर मेहुणा उभाच होता. म्हणाला, "दाजी, अक्काला बाजारला न्यायलाव व्हय? गिऱ्हाईक मिळालं न्हाई तर माघारी आणा, दावणीला जागा हाय." तिनं काठी ओढ्यात फेकली. ती माझ्या बापाची काठी होती.

मग मला सडकेचं सुचलं. सडकेच्या वळणावर सरकारनं दगडांना पांढरा रंग दिला होता, रात्री बसवाल्याला दिसावेत म्हणून. तिला रंग कळत नव्हते, पण पांढरं तेवढं उजेडात कळायचं. मी बाजारातून कळीचा चुना आणला, बादलीत विरवला, चिकटून राहावा म्हणून त्यात खोऱ्यातल्याच बाभळीचा डिंक घातला आणि शेळवाटेवर कडेपासून ओढ्यापर्यंत वळणा-वळणाचा दगड रंगवला. घरी काही बोललो नाही. सकाळी तिला कडेवर नेऊन उभी केली.

तिनं पदर खोचला आणि निघाली. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत, चाचपत, मग कमी चाचपत. मी मागं. जाळीत शिरल्यावर तिनं वेग धरला आणि माझाच पाय घसरला. मी पडलो तसं ती वळली न वळली आणि म्हणाली, "बैलवाटेनं यायचं हुतं."

तिथून पुढं एक नवीन त्रास सुरू झाला. वाट पायांना मिळाली, पण आजूबाजूचं दिसत नव्हतं, म्हणून ते मी सांगायचं.

"काय दिसतंय?"

"झाडं."

"कसली?"

"हिरवी."

"हिरवी समदीच असत्यात. फुललंय काय ते सांगा."

मी तोवर खोऱ्यातून हजारदा गेलो असेन, पण बघायची पाळी आली नव्हती. आता आली. पिवळं काय फुललंय, तर तरवड. खडकाखाली कसलं हिरवं लोंबतंय, तर झिऱ्याचं शेवाळ आणि त्यात बारीक पानाची रोपं, पाण्याचा थेंब पडला की मान हलवणारी. थंडीत सकाळी कडेवर गेलो तर खोरं दिसायचंच नाही, निसतं धुकं. काठोकाठ भरलेलं, आणि मधूनच एखाद्या झाडाचा शेंडा वर. मी तिला म्हणालो, खाली काही नाही, सगळं कुणीतरी नेलं. ती घाबरली. मग धुकं आहे म्हटल्यावर माझ्या पाठीत बुक्की घातली. फाल्गुनात पळस पेटला की किती पेटला ते सांगायला मला शब्द नव्हते. मी म्हणायचो, लाल आहे. ती म्हणायची, किती लाल? मी म्हणायचो, लई. ती म्हणायची, तुमच्याकडनं शिकण्यापरीस मोराकडनं ऐकलेलं बरं. पण पुन्हा विचारायची.

असं बरं चाललं होतं, आणि एक दिवस झिऱ्याजवळच्या दगडावर मला कुंकू दिसलं.

मी पुसून टाकलं. पुढच्या खेपेला त्याच दगडावर कुंकू, खाली उदबत्तीची काडी. त्याच्या पुढच्या खेपेला नारळाची कवटी आणि अंगभर शेंदूर. नुसता नाही, तेलात कालवून फासलेला. आणि त्याच्या खालचे दोन दगडही तसेच. ती वरून झपाझप आली आणि झिऱ्याशी थांबली. पांढरं संपलं होतं. तिनं एक पाय पुढं टाकला, मागं घेतला.

"आवं, दगड कुटं गेले?"

"हायत की. देव झाले."

चौकशी केल्यावर कळलं की खोऱ्यात शेरडं राखणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगरणीचं करडू हरवलं होतं. शोधून शोधून ती दमली, तर करडू त्या दगडाला अंग घासत उभं. आधी इथं पांढरा दगड नव्हता, आता आहे, आणि करडू सापडलं. तिनं दोन आणि दोन चार करून घेतले. ती बाजारात बोलली, आणि गावानं सोडलेल्या वाटेला पुन्हा माणसं लागली. कुणाचं दुखणं, कुणाची सोयरीक. चपला कडेवर काढून यायचे.

आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं. देव गळ्यात असताना दगडापुढं वाकायचं नाही, असं लहानपणापासून कानावर. आणि मीच देवांची रांग मांडून बसलो होतो. मेहुण्याला तर सण आला. "दाजी, गळ्यातला एक पुरंना व्हय? कडेपस्नं वढ्यापर्यंत मांडलाव!" तो येईल-जाईल त्याला मला दाखवून सांगायचा की हे इथले मूळ पुजारी. लोक खरंच माझ्या पाया पडायला लागले. एकानं तर माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या.

मी कुंचा घेऊन शेंदरावर चुना मारायला गेलो. धनगरीण आडवी आली. मी सांगितलं, "हे म्या रंगवलेत, मावशी. बायकूला दिसावं म्हून. चुना हाय निसता, कमलनगरच्या बाजारातला."

ती म्हणाली, "त्येनंच करून घेतलं तुज्याकडनं, अण्णा. तुला कुटं एवढी अक्कल हाय?"

शेवटचं वाक्य तर माझी बायकोही रोज म्हणायची.

तेलावर चुना धरत नाही. मी घासून काढायचो, दोन दिवसांत पुन्हा शेंदूर. तिचं जाणं थांबलं. सणाला भाऊ न्यायला आला तरी गेली नाही. वडून नेलेलं चालायचं नाही म्हणजे नाही. कडेवर जाऊन बसायची आणि खाली नारळ फोडल्याचा आवाज ऐकायची. भाकरी करताना बोलायची नाही. ती बोलत नाही म्हणजे घरात काय असतं ते ज्याच्या बायकोनं आयुष्यभर तोंड चालवलंय त्यालाच कळेल. मी मेहुण्याला म्हणालो, रात्रीतून दगडच फोडून टाकतो. तो म्हणाला, फोडा, म्हणजे तुकड्यांचेही देव होतील, मग चाळीस नारळ लागतील.

शेवटी तिचं तिनंच केलं. एक दिवस म्हणाली, मला त्या मावशीकडं घेऊन चला. बैलवाटेनं चला, गुपचूप. आयुष्यात एकदाच ती माझ्या वाटेनं उतरली, आणि सगळी वाट तिला नावं ठेवत उतरली. धनगरीण झाडाखाली बसली होती. हिनं तिच्यासमोर बसून कपाळावर विभूतीचे पट्टे सारखे केले आणि सरळ आवाजात म्हणाली, "मावशी, तुमी त्येला शेंदूर कामून फासायलाव? ह्या देवाला शेंदूर चालत न्हाई. आंग भाजतं त्येचं. त्येला चुना लागतो."

धनगरीण घाबरली. "तुला कुणी सांगितलं?"

"तो पांढरा आला हुता का लाल?"

म्हातारीनं विचार केला. पांढराच आला होता. तिनं गालावर चापट्या मारून घेतल्या. मी दुसरीकडं बघत उभा राहिलो, कारण मला हसू दाबता येत नाही. वाटेत मी म्हणालो, गळ्यात लिंग बांधून देवाच्या नावानं खोटं बोललीस. ती म्हणाली, "खोटं काय? चुना लागत न्हाई व्हय त्येला?"

आठवड्याभरात खोऱ्यात चुन्याचा धुरळा. नवस शेंदराचे होते ते चुन्याचे झाले. ज्याचं काम झालं तो डबाभर चुना आणून दगडांना मारायचा. माझा बाजारातला फेरा वाचला. दगड असे लखलखायला लागले की तिला कडेवरूनच पहिले तीन दिसायचे, निदान ती तसं म्हणायची. तिचं माहेर चालू झालं. घरात तोंड चालू झालं.

पण भक्त माणसाला थांबायचं कुठं ते कळत नाही. एकानं जोशात येऊन आपल्या शेताकडं जाणारे दगडही रंगवले. ती दगड धरून निघाली ती त्याच्या विहिरीवर. मी ओढ्याकाठी वाट बघून बघून वर पळालो, खाली पळालो, हाका मारल्या. मेहुणाही पळाला, तोंडात एकही चेष्टा नव्हती. सापडली तेव्हा त्या शेतकऱ्याच्या बायकोसंगं हुरड्याला बसली होती. मला बघून, म्हणजे माझ्या धापेवरून ओळखून, म्हणाली, "ह्या देवानं बरं केलं. इकडची वाट म्या कवा बघितलीच नव्हती. घ्या, हुरडा खावा."

तेव्हा ठरवलं की वाटेवरचे दगड आपणच मारायचे, मधले वाढीव खरवडायचे. दर दिवाळीनंतर आम्ही दोघं बादली आणि कुंचा घेऊन उतरायचो. लोक म्हणायचे, मूळ पुजारी आणि पुजारीण निघाली. तिला ते आवडायचं. मला नाही आवडायचं, पण मला विचारतं कोण?

तसेच त्या दिवशी उतरलो होतो. झिऱ्याच्या वरचे झाले, खालचे राहिले, हे मी सुरुवातीला सांगितलं.

जेवणानंतर ती दारात बसली. दिवस कलताना म्हणाली, छातीत कसंतरी होतंय, जरा टेकते. मी पाणी आणायला आत गेलो. आलो तर टेकलेलीच होती.

आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. शेजारच्या बायका आल्या, तिला बसवली, विभूती लावली, भजन सुरू झालं. मुलगी उदगीरला दिलेली, तिला निरोप गेला. माहेरी सांगायला सकाळी माणूस पाठवू, सडकेनं मोटारसायकलवर जाईल, असं सगळ्यांनी ठरवलं. माहेरची साडी आल्याशिवाय बाईला मातीत ठेवत नाहीत.

सकाळी मी उठून बादलीवरचं पोतं काढलं. चुना ओला होता. लोक म्हणाले, कुठं निघालाव? म्हणालो, तिच्या भावाला सांगायला. शेजारी म्हणाला, घरात असं झाल्यावर सुतकात कुठं जायचं नसतं. मी म्हणालो, आमच्यात सुतक पाळत नाहीत, तुम्ही पाळा. बादली बघून ते बाजूला झाले. म्हाताऱ्याचं डोकं गेलं असं वाटलं असेल. मला समजावून सांगायला वेळ नव्हता.

शेळवाटेनं उतरलो. खाली धुकं होतं, सगळं कुणीतरी नेल्यासारखं. झिऱ्याशी पाणी घालून चुना ढवळला आणि राहिलेले दगड घेतले. एकेक करत ओढ्यापर्यंत गेलो. तरवड पिवळा होता. मी मोठ्यानं म्हणालो, पिवळा आहे. मोर कुठंतरी ओरडला.

मेहुणा ओढ्यावर तोंड धूत होता. माझे पांढरे हात बघून हसला. "दाजी, एकटेच? अक्काला देवळात बसवून आलाव व्हय?"

मी सांगितलं. दोनच शब्द लागले.

तो तसाच ओल्या तोंडानं घरात जाऊन साडी घेऊन आला, हिरवी, कधीची तिच्यासाठी घेऊन ठेवलेली. सडकेनं बस होती, पण तो शेळवाटेला लागला. पहिल्याच चढाला तो दगडाला हात टेकून खाली बसला. मी म्हणालो, ओला आहे, हात लावू नको. तोवर लागला होता. तो तिथं रडला, मी बादली घेऊन उभा राहिलो.

तो उठल्यावर बघितलं, तर दगडावरचा पंज्याएवढा चुना निघून त्याच्या हाताला आला होता. मी कुंचा बुडवून तेवढी जागा पुन्हा मारली. खालचा कोपराही राहिला होता, तो मारला. मग आम्ही वर निघालो.